चाळलेली माती

४ जानेवारी

नवी वही, नवी नोकरी आणि नवे घर ही तिन्ही एकाच दिवशी लाभावीत, असा योग वयाच्या चौपन्नाव्या वर्षी सहसा येत नाही. माझ्या वाट्याला तो आला, म्हणून आरंभीच आनंदाने नोंदवतो.

कारखान्याच्या वस्तीतले हे घर दोन खोल्यांचे आहे. पुढची खोली दहा बाय बारा, स्वयंपाकघर आठ बाय दहा. मी पट्टी लावून खात्री करून घेत होतो, तेव्हा मुलगी हसून म्हणाली, की बाबा, घर काही पळून जाणार नाही, आधी चहा घ्या. जावयाला दूरच्या शहरात काम मिळेपर्यंत ती आणि माझी नात माझ्याकडे राहणार आहेत. नात साडेचार वर्षांची. पुढे चालणाऱ्याच्या अगदी पावलावर पाऊल टाकत येते, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो.

मागे अंगण आहे. जमीन सखल होती, ती कारखान्याने स्वखर्चाने माती टाकून सपाट करून दिली आहे. माती राखाडी, मैद्यासारखी मऊ. नळाचे पाणी किंचित गोडसर लागते. चहाला अर्धा चमचा साखर कमी पुरली. घरापासून फाटकापर्यंत चारशे बारा पावले. सर्व काही उत्तम.

७ जानेवारी

कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतले शिसे वितळवतात. माझ्याकडे हजेरीपट. कामगार एकशे त्रेसष्ट. त्यांपैकी एकशे एकेचाळीस जणांच्या नावापुढे सही नाही, जांभळ्या शाईचा अंगठा आहे. मुकादमही अंगठाच लावतो. मी आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा एक भट्टीवाला म्हणाला, की साहेब, सह्या काय, सगळ्यांच्या सारख्याच वेड्यावाकड्या. अंगठा बघा कसा देखणा उठतो! सगळे हसले. मीही हसलो, परंतु मनातून मला ते रुचले नाही.

फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला सगळे मोतीबाबू म्हणतात. तोही अंगठेबहाद्दर. असे भारदस्त नाव कसे पडले, असे विचारल्यावर तो म्हणाला, की ते मागच्या कामाचे नाव आहे, चिकटले ते चिकटले. हसताना त्याच्या हिरड्यांवर दातांच्या कडेने निळसर काळी रेघ दिसली. तंबाखूची असावी.

१२ जानेवारी

हुकूम तयार केला: पंधरा तारखेपासून अंगठा चालणार नाही, जो सही करणार नाही तो गैरहजर. मोठ्या साहेबांनी न वाचताच खाली सही केली. वाणिज्य शाखेची पदवी कुठे ना कुठे उपयोगी पडतेच.

१५ जानेवारी

मोतीबाबूंनी डाव्या हाताने उजवे मनगट धरून टाक उचलला. पंजा ओल्या फडक्यासारखा खाली लोंबत होता. पहिल्याच अक्षराला कागद फाटला. मागच्या रांगेतले सगळे आपापल्या हातांकडे बघू लागले. एरवी शिंकेवरही विनोद करणारी माणसे. नियम सर्वांना सारखा, म्हणून मी त्यांना गैरहजर मांडले आणि सरावासाठी एक कित्त्याची वही दिली. त्यांनी ती अदबीने काखेत धरली.

१८ जानेवारी

साहेबांनी हुकूम मागे घेतला. म्हणाले, की तुमच्या नियमाने चालायचे तर कारखान्यात मी, तुम्ही आणि कुत्रा एवढेच उरू. अंगठे पुन्हा सुरू.

२ फेब्रुवारी

मोठी माणसे शिकणार नसतील तर लहानांपासून सुरुवात करावी. आज मुंगीसाठी धुळपाटी केली. माझे पहिले अक्षर मी धुळीतच गिरवले होते. त्याने बोटाला वळण लागते ते पाटीने लागत नाही, हे माझे ठाम मत आहे. अंगणातली माती बारीक चाळणीने दोनदा चाळली, पत्र्याच्या ताटात एक बोट जाडीचा थर दिला. मुंगीने पहिल्याच दिवशी तीन अक्षरे काढली. बोट जिभेला लावून ओले केले की रेघ ठसठशीत उमटते, हे तिचे तिनेच शोधून काढले. मुलगी ओरडली, पण मी मनातून खूश झालो. पोर डोक्याची आहे.

२२ मार्च

रविवार. सकाळी अकरा पत्रे लिहून दिली. वस्तीतल्या कुणालाही पत्र लिहायचे असले की तो माझ्या ओसरीवर येतो. भट्टीवाल्याने बहिणीला कळवायला सांगितले, की तब्येत ठीक, फक्त बटणे लावायला बायको लागते. मग घाईघाईने म्हणाला, की बटणांचे खोडा, ती उगीच माझी टर उडवेल. मी खोडले.

मुंगी 'ळ'पर्यंत पोहोचली.

१९ एप्रिल

मुंगीची प्रगती मागे जाते आहे. गेल्या महिन्यात डोळे मिटून काढत होती ती अक्षरे आज बघूनही जमेनात. ताटासमोर नुसती बसून राहते. पोट दुखते असे कारण सांगते. मी सराव दुप्पट केला: सकाळी सात ओळी, संध्याकाळी सात. मुलगी म्हणाली, की बाबा, ती पोर आहे, तुमच्या कचेरीतली कारकून नाही. मी म्हणालो, की पाया कच्चा राहिला तर पुढे तूच मला बोल लावशील.

५ मे

जावयाचे पत्र आले: काम पक्के झाले, खोली मिळाली, त्याच्या आईलाही त्याने बोलावून घेतले आहे. फाटकाशी दर मंगळवारी येते त्या डाकगाडीने दोघी निघाल्या. सराव तुटू नये म्हणून बिस्किटांच्या मोठ्या डब्यात माती भरून दिली, ह्या वेळी तीनदा चाळून. डबा आकाराच्या मानाने फार जड झाला. मुंगीकडून वचन घेतले, की रोज चौदा ओळी, एकही दिवस खाडा नाही. तिने मान हलवली आणि गाडीत डबा मांडीवर घेऊन बसली. दिलेला शब्द ती मोडत नाही. माझ्यावर गेली आहे.

घर मोठे वाटते. मोजमाप मात्र तेच आहे.

२१ जून

तोंडात सतत पैसा चघळल्यासारखी चव. पोटात पीळ. आज हजेरी मांडताना टाक दोनदा बोटांतून घसरला. टाक जुना झाला असावा. नवा मागवला.

११ जुलै

नव्या टाकानेही तेच.

कपाटाच्या तळाशी मागच्या तेरा वर्षांचे हजेरीपट सापडले. पहिल्या वर्षाचे अक्षर पाहून मी चकित झालो. एकेक अक्षर मोत्यासारखे. पानाखाली हजेरीबाबूची सही होती आणि ते नाव माझ्या ओळखीचे होते, कारण पहारेकऱ्यांच्या यादीत त्याच नावापुढे मी तीन दिवस गैरहजेरी मांडली होती.

पाचव्या वर्षी त्यांची अक्षरे डावीकडे कलतात. सातव्या वर्षी शिरोरेघ तुटते. आठव्या वर्षाच्या मध्यावर पानाखाली सहीऐवजी जांभळा अंगठा आहे. त्यानंतर दुसऱ्या बाबूचे अक्षर. तेही सुरुवातीला सुरेख. त्याला तीन वर्षे लागली. तिसऱ्याला दोन.

मग मी ह्या वहीचे जानेवारीचे पान आणि आजचे पान शेजारी शेजारी धरले.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. हेही नोंदवतो.

१४ जुलै

दवाखान्यात परिचारिका मंगळवारपुरती येते. तिच्या वहीत प्रत्येकापुढे एकच शब्द आहे, 'अशक्तपणा', आणि तोही रबरी शिक्क्याने उठवलेला. शिक्का वरून आला आहे, म्हणाली. मी हात पुढे केला. तिने दार लोटले आणि गाडीची वेळ सांगावी तशा आवाजात सांगितले, की हे शिसे आहे. धुरात आहे, नळाला येते त्या विहिरीच्या पाण्यात आहे, म्हणून पाणी गोड लागते. रक्तात जाते, मग हाडांत जाऊन बसते आणि हातांच्या नसा मारते. सोडून गेलात तर मोठ्या माणसाचे थोडेफार भरून येते. लहान मुलांचे डोक्यात जाते. तिथे गेलेले परत येत नाही.

मी अंगणातल्या मातीविषयी विचारले.

ती म्हणाली, की ती माती नाहीच, भट्टीतली राख आहे, दळलेली. सगळ्यांत जास्त त्यातच. मग विचारले, की तुमच्या घरात लहान मूल नाही ना आता?

नाही, असे मी म्हणालो. ते खरे होते.

१६ जुलै

मोतीबाबूंची क्षमा मागितली. ते म्हणाले, की बाबू, मनाला लावून घेऊ नका. पहिल्या जानेवारीत मीही तोच हुकूम काढला होता. कित्त्याची वही परत दिली. कोरी होती. म्हणाले, जपून ठेवा, पुढच्या बाबूला लागेल.

सांगितले का नाही, असे विचारले. सांगितले असते तर तुम्ही इथे थांबला असता का, म्हणाले. मला हल्ली लगेच काही आठवत नाही.

२८ जुलै

मुलीचे पत्र. तिचे शब्द जसेच्या तसे उतरवतो, म्हणजे पुढे संशय नको:

'बाबा, तुमची नात तुमचा शब्द पाळते. रोज चौदा ओळी. ताट समोर आले की बोट चाटते आणि बसते. हल्ली खेळायला जात नाही. पोटात दुखते म्हणून रडते, पण ओळी सोडत नाही. हिरड्यांवर शाईसारखी रेघ आली आहे, घासून जात नाही. सासूबाई म्हणतात, की पोरगी पंडित होणार, आत्तापासून तोंडात शाई! माती अजून अर्धा डबा उरली आहे.'

अर्धा डबा.

२९ जुलै

पत्र लिहिले. माती फेका, हात धुवा, मोठ्या दवाखान्यात रक्त तपासा. सर्व मुद्दे क्रमाने. आज डाकपेटीत टाकले.

७ ऑगस्ट

कोटाच्या खिशात पत्र सापडले. टाकलेले नाही. उघडले. वर तारीख आहे, खाली 'चि. सौ.' एवढेच. पुढे रेघा. अक्षरे नाहीत, नुसत्या रेघा — मुंगी पहिल्या दिवशी काढत होती तशा.

मी सर्व मुद्दे लिहिल्याचे मला स्वच्छ आठवते.

११ ऑगस्ट

परिचारिका आज आली नाही. मागच्या मंगळवारीही नाही. बदली झाली म्हणे. साहेबांकडे गेलो, चार ओळी लिहून द्या म्हणालो. ते मृदू आवाजात म्हणाले, की असले कागदावर नसावे, विश्रांती घ्या.

भट्टीवाल्याला विचारले, मुकादमाला विचारले. त्यांनी हात दाखवले. सही येणारे बावीस जण होते, ते आता नऊ आहेत. त्यांना सहीपुरतेच येते.

ह्या वस्तीत पत्र लिहून देणारा एकच माणूस आहे.

१७ — नाही, १८ ऑगस्ट

स्वतः जावे हे उत्तम. पिशवी भरली. फाटकापर्यंत पावले मोजली, मध्येच चुकली, पुन्हा घरापासून सुरुवात केली. पोहोचलो तेव्हा मोतीबाबू म्हणाले, गाडी मघाशीच गेली.

पुढचा मंगळवार.

ऑगस्ट

पिशवी दारात आहे. कशासाठी भरली ते —

आठवले. डबा.

मंगळवार

हा काल होता असे म्हणतात.

चौदा ओळी रोज. एक बोट थर. अर्धा डबा किती दिवस पुरेल — हे गणित मला यायला हवे. येत नाही. वाईट वाटत नाही. वाटायला —

मोतीबाबू सकाळी आले. दोघांनी मिळून टाक माझ्या पंजाला सुतळीने बांधला. ते मनगट धरतात, मी लिहितो. मग हे पान फाडून ते स्वतः गाडीवाल्याच्या हातात देतील. पत्ता मुलीच्या पाकिटावर आहे, तेच चिकटवू. आधी मुद्द्याचे. तारीख नको, मायना नको.

मुंगी

आजोबा चुकले. तुझे नाही चुकले. ओळी बंद. डब्यातली माती आईला सांगून लगेच

मोतीबाबू म्हणतात हात हलतो आहे, अक्षर उमटत नाही. शाई संपली का विचारले. शाई आहे.

पुन्हा. मुंगी बोट तोंडात