आईच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

छत्रपती संभाजीनगर

लाडक्या मंजूस ताईचे आशीर्वाद.

आई भाकरी थापायची तेव्हा तिच्या हनुवटीवरच्या गोंदणाचे ठिपके आपण मोजायचो, आठवतं? तिचा तो एकुलता एक, बुरशी लागलेला फोटो मी क्लासात कॉम्प्युटरवर नीट केला गं!

आधी डागांबरोबर गोंदणही पुसलं गेलं. सर म्हणाले, "बघा मावशी, चेहरा कसा स्वच्छ निघाला!"

मी म्हटलं, "सर, ही आमची आई नाही."

दोन दिवस बसून तिन्ही ठिपके जागच्या जागी आणले. क्लासच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला! मिशनच्या शाळेत सिस्टर मला चित्रकलेत काठावर पास करायच्या.

डोळे जरा चुरचुरतात, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

सोबतची मोठी तसबीर रामकिसनदादाला दे, छोटी आपल्या धाकट्या ज्ञानेश्वरीला. मधली तुझी. भिंतीवर लावण्याआधी ठिपके मोजून घे.

तुझीच,
ताई