टिटवीची अंडी वर सरकवण्याविषयी

प्रिय सुमंतगुरुजी,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. (एका बाकावर बसून शिकलो, तरी तू मास्तर झाल्यापासून 'गुरुजी' लिहिल्याशिवाय पेन हलत नाही, पुढे मात्र अरे-तुरेच आहे.) देवळाली प्रवऱ्यात ऊन कसं आहे? वहिनींचा गुडघा बरा असावा. इकडे तुझी मलिकावहिनी खुशाल, मीही अल्लाच्या कृपेने ठीक, फक्त एका पक्षिणीशी वैर झालं आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच हसतोस.

धरणाचं पाणी उतरलं, तशी अभयारण्याच्या कडेची गाळाची जमीन उघडी पडली आणि आम्ही खरबुजं लावली. राखणीला बसलं की दुसरं काम नसतं. रोहित पक्षी उथळ पाण्यात मान उलटी घालून चरतात. काटेरिंगणीच्या पानाच्या शिरेवरसुद्धा काटे, आणि फूल मात्र लहान पोरीच्या परकराला शोभावं असं जांभळं. हे कोणासाठी, याचा मी बराच विचार केला. त्याच विचारात दुपार कलल्यावर असरच्या नमाजाला मुसल्ला अंथरला, तो नेमका टिटवीच्या अंड्यांशेजारी. सजद्यात कपाळ टेकलं आणि तिने माझी टोपी उडवली. नमाज मधेच सोडता येत नाही आणि टिटवीला ते माहीत नाही.

मग लांबून पाहत बसलो. ती पाण्यात जाऊन पोट भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. अंडी उबवतात एवढंच मला ठाऊक; उन्हाळ्यात ती गारही ठेवावी लागतात, हे पाहून थक्क झालो. हे नवल मी शेजारच्या रानातल्या रतनबाईंना सांगितलं, आणि तिथेच चुकलो. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, खाली घातली तर दुष्काळ, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. ही तर पार पाण्याजवळ! अर्धं गाव बघून गेलं. सकाळी रतनबाई पाटीत गवत अंथरून हजर.

"अल्लाबक्षभाऊ, लई खाली घातल्यात हिनं. बांधावर नेऊन ठिवू. तुमी नमाजी मानूस, तुमीच उचला."

मी सांगितलं, जागा बदलली तर ती अंडी टाकून जाईल, पिल्लं मरतील. शिवाय टिटवी पाऊस सांगते, पाडत नाही. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर माठात बुडवण्यातली ही गत.

"बुडवून बघितलंय का कधी?"

(नव्हतं बघितलं.)

तेव्हापासून छत्री घेऊन बसलो आहे. मी अंडी गावापासून राखतो, टिटवी माझ्यापासून. रतनबाई सोमवारी सुनांना घेऊन येणार आहेत. मला विचारशील तर पाऊस वरच्याच्या हातात. अंड्यांवरून तो ठरवणं मला पटत नाही.

तुझा,
अल्लाबक्ष

ता. क. खरं काम असं, की रविवारी पंचांग घेऊन ये. रतनबाई तुझं ऐकतात. यंदा अंडी हलवायला मुहूर्तच नाही, एवढंच सांग.

ता. क. येऊ नकोस. पत्र टाकायला निघालो तोच चारही पिल्लं बाहेर आली. अंग वाळतं न वाळतं तोच आईमागे तुरुतुरु बांध चढून रुईच्या सावलीत जाऊन बसली. रतनबाई पाटी टाकून ओरडल्या, "गेली का न्हाई वर? पाऊस लई!" आणि बियाणं काढायला घरी पळाल्या. मी तिथेच अल्लाचा शुक्र मानला.

ता. क. तुझ्याकडचा कडबा यंदा कोणाला देऊ नकोस, मला लागेल. अंडी होती खालीच.