थोरल्या खोलीचा मान

१२ ऑक्टोबर १९९६
आलो एकदाचे! राजधानीतलं, किशिनाऊचं कोंदट बिऱ्हाड सुटलं आणि गेनादीच्या गावी, त्याच्या आईच्या घरी मुक्काम पडला. सासूबाई, झाम्फिराआई, अंगणातच घरची वाइन आणि गरम प्लाचिंता, चीज भरलेल्या पोळ्या, घेऊन उभ्या. आमच्या सात महिन्यांच्या दोरेलवर तीनदा खोटंखोटं थुंकल्या, दृष्ट लागू नये म्हणून. मग थोरली खोली उघडली. लग्न, बाप्तिस्मा नाहीतर मयत असेल तरच उघडायची ती. एरवी नक्षीचे गालिचे आणि आहेर आत, दार बंद. ती आम्हाला राहायला! म्हणाल्या, माझी सून काय स्वयंपाकघरात झोपेल? गाव तोंडात शेण घालेल माझ्या.

१९ ऑक्टोबर
खोलीला कुबट, गोडसर वास आहे. जमिनीच्या फळ्या मात्र झकास, रुंद. सासूबाईंना वासाचं विचारलं तर उलट फुशारल्या: अगं, माझ्या खोलीत माशी टिकत नाही की गालिच्याला कसर लागत नाही! शेजारच्या एफिमियाकाकू तिथेच होत्या. त्यांनी एकदम लोणच्याचा विषय काढला.

३ नोव्हेंबर
थंडी पडली. सासूबाई पहाटेच उठून भिंतीतली चूल पेटवतात. खोली तापली की वास डोळ्यांत शिरतो. जीभ बधिर होते, डोकं ठणकतं. दोरेल फळ्यांवर रांगतो, मुठी चोखतो आणि झोपेत दचकतो.

गेनादीच्या मागेच लागले. मान खाली घालून सांगितलं त्याने. सामुदायिक शेती मोडली तेव्हा फवारणीच्या विषाचं कोठार बेवारस पडलं. त्याची जमीन उखडून या फळ्या आईने पाठीवर वाहून आणल्या. म्हणाला, तिला बोलू नकोस, विहीर जवळ करेल ती. आणि मी गप्प बसले. दिलेला मान कसा परत करायचा? शहरातली नखरेल सून म्हणतील, या भीतीने.

९ नोव्हेंबर
दोरेलच्या पापण्या सारख्या फडफडतात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात फवारणीचं काही आहे का? सासूबाई शेजारीच. मी म्हटलं, नाही, दात येताहेत. स्वतःच्या लेकराबद्दल खोटं बोलले. जनाची ठेवली, मनाची सोडली.

१५ नोव्हेंबर
दोरेलच्या बाप्तिस्म्याची पंगत थोरल्या खोलीत. चूल धडधडत होती. उरलेल्या फळ्यांचे तुकडे घालत होत्या सासूबाई. सगळे डोळे चोळत जेवत होते. धर्ममाय म्हणाली, काय ऊब आहे गं तुमच्याकडे! दोरेल मांडीवर थरथरत होता. उठून बाहेर जावं — चारचौघांत कसं — बसून राहिले. हसले पण. अक्षर वाकडं येतंय, हात थांबत नाही —

१६ नोव्हेंबर
झटका आला. दोरेल ताठ — डोळे पांढरे — ओठाला फेस. गेनादी डॉक्टरीणबाईंना आणायला धावला. मी पोर आणि त्याच्या कपड्यांची पिशवी उचलून, ही वही तिच्यातच, एफिमियाकाकूंकडे. काय झालं विचारलं त्यांनी. म्हटलं, आमच्याकडे धूर झालाय. पुन्हा खोटं —

काकूंनी त्यांची थोरली खोली उघडली. आमच्यासाठी चूल पेटवली.

तोच वास. त्याच फळ्या.

अंगणात न्यावं. थंडी परवडली. पण काकूंनी नवा गालिचा अंथरलाय — माझं तोंड उघडत नाही, म्हणून हे लिहितेय —

पुन्हा ताठ होतोय —

काकू विचारताहेत, पोर गारठलंय का गं, चुलीत अजून लाकूड घालू? मी मान डोला