तू गोळ्या गिळल्या होत्यास

धामापूर

प्रिय सुमन,

तुला जाऊन सहा वर्षं झाली. कागद पुढे ओढायचा धीर आज झाला, तोही काल नीता येऊन गेली म्हणून. माझी विद्यार्थिनी, तुझ्याकडून आंबट बिंबलं मागून खाणारी. ती आता मलेरियावर संशोधन करते.

तुझ्या तापात आरोग्य खात्याचा माणूस आला होता, आठवतं? बोट टोचून एक थेंब काचेवर घेतला, दोन टीपकागदावर. शाळेत शाई टिपायचो, तसलाच कागद. तू कण्हत होतीस आणि मी उशाशी बसून कविता म्हणत होतो. तू म्हणालीस, "कवितेन ताप उतारता, तर डाक्टर कित्याक व्हयो?" किती हसलो गो आपण!

गोळ्या सुरू झाल्या, पण ताप हटेना. तेव्हा मला आठवली मागे कधीतरी परसातल्या अळवात सापडलेली गोळी, कडू लागते म्हणून तू थुंकलेली. झालं! याही गोळ्या तू टाकतेस, असं मी धरून बसलो. चुकार पोराची पाटी तपासावी तशी तुझी जीभ तपासली.

"गिळलंय ओ मी. तुमका पटना कित्याक नाय?"

नाही पटलं. तू भिंतीकडे तोंड केलंस. एकदाच बोलून गप्प का झालीस? भांडायचं होतंस गो! दोन दिवसांनी तुझी शुद्ध हरपली. इस्पितळात नेलं, तोवर उशीर झाला होता. तुझं ऐकून त्याच दिवशी नेलं असतं, तर?

वर्षश्राद्धाला भावकी जमली. वडीलधारा म्हणून गाऱ्हाणं घालायचा मान माझा. देवापुढे मी मोठ्याने सांगितलं, हिनं औषध टाकलं, हिची चूक पोटात घाल. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." तू ऐकत होतीस का?

काल नीताने समजावलं. जंतूलाही जनुकं असतात आणि हल्ली ती अक्षरं लावावी तशी वाचता येतात. त्या वर्षीचे आपल्या वाडीतले टीपकागद त्यांनी जपून ठेवले होते. कुणाचा कागद कुठला हे ती सांगत नाही. पण ज्यांत ज्यांत जंतू सापडला, त्या सगळ्यांत एकच बदल निघाला. त्या जंतूवर त्या गोळ्या चालतच नव्हत्या. आता यावरून कुठल्या गावात कुठलं औषध द्यायचं ते ठरेल, म्हणाली. ठरो. मला आता त्याचं काय?

मी विचारलं, "म्हणजे तिनं गिळल्या होत्या?"

"ते कागदावरून कळत नाही, गुरुजी. पण गिळूनही काकींचा ताप उतरला नसता."

ताप उतरला नाही, हाच तर माझा एकुलता एक पुरावा होता! तो गेला. उरला तुझा शब्द, आणि तो तर तेव्हाही माझ्यासमोरच होता. जन्मभर पोरांना कवितेतला एकेक शब्द उलगडून सांगितला. घरातला एक साधा शब्द मला कळला नाही.

येत्या पितृपक्षात म्हाळाला भावकी पुन्हा जमेल. त्याच देवापुढे, तेवढ्याच मोठ्याने सांगेन, "तिणा गोळ्यो गिळल्यान, म्हाराजा. खोटो मी." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणेपर्यंत नारळ फोडणार नाही. तुझ्यापर्यंत ते पोचणार नाही, हे ठाऊक आहे. तरी सांगेन.

तुझा, फार उशिरा ऐकणारा,
भास्कर