कोऱ्या बशीत उगवलेल्या बोटाबाबत

दिनांक : ११ जुलै २००६

प्रति,
मा. प्रमुख साहेब,
बनावट कापूस बियाणे शोध पथक,
जिल्हा बुलडाणा

अर्जदार : शबाना बद्रुद्दीन मिर्झा, जीवशास्त्र शिक्षिका, ज्ञानवर्धिनी कनिष्ठ महाविद्यालय, उंद्री रस्ता

विषय : पंचनाम्यात 'रिकाम्या' लिहिलेल्या काचेच्या बशा रिकाम्या नसल्याने नोंद दुरुस्त करून कपाटाचे सील काढणेबाबत.

संदर्भ : आपण स्वहस्ते लावलेले सील, दि. ३ जुलै.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार शिकवीत असलेल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गाला यंदापुरती मान्यता आहे. ती कायम करावी की नाही हे ठरविण्यास समिती १७ जुलैला येत आहे. त्या दिवशी टेबलावर सूक्ष्मदर्शक नसल्यास वर्ग बंद होईल. वर्गात सर्व मुलीच आहेत आणि त्यांच्या घरच्यांनी या विषयासाठी त्यांना चिखलीच्या महाविद्यालयात पाठविण्यास आधीच नकार दिलेला आहे.

२. पहिल्याच तासाला अर्जदाराने शिकविले की, बीटी कापसातील 'बीटी' हे मातीतल्या एका जिवाणूचे नाव असून बोंडअळी मरावी म्हणून त्याचे जनुक कापसात घातलेले असते. कु. संजीवनी हिने ते घरी सांगितले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील श्री. महादेवराव उपरण्यात सरकी बांधून हजर झाले व म्हणाले, "मॅडम, दुर्बिणीत पाहून द्या न, असली हाये का नकली." जनुक या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, असे अर्जदाराने सांगताच ते म्हणाले, "काऊन नाही दिसत? पोरगी तं म्हन्ते केस दोरखंडावानी दिसते." तिसऱ्या दिवशी रांग फाटकाबाहेर गेली. मागल्या हंगामात यांची 'बीटी' बोंडे अळीने खाल्ली होती, त्यामुळे अर्जदाराला कोणावर ओरडवले नाही. मात्र एकही बी न तपासता सर्वांना परत पाठविले. तरी विनापरवाना बियाणे प्रयोगशाळा चालते, अशी खबर आपणांस गेली.

३. आपण सूक्ष्मदर्शक, कुकर, बशा असे सर्व सामान जप्त करून वर्गातल्याच काचेच्या दाराच्या कपाटात सील केले. जिवाणू उचलण्याची तारेची कडी 'टोचण्याचे हत्यार' आणि चायना ग्रास 'अनोळखी पांढरे रसायन' म्हणून नोंदविले. ते बाजारात किराण्यात मिळते व ईदला त्याची खीर होते. वर्गात ते मटणाच्या रशात शिजवून बशीत गोठवितात, म्हणजे जिवाणूंना बसायला जागा व खायला अन्न मिळते. प्रेशर कुकर अर्जदाराच्या घरचा आहे. दाबाखालच्या वाफेने भांड्यातले जंतू मरतात आणि तुरीची डाळही शिजते, म्हणून तो आळीपाळीने दोन्हीकडे असे. सध्या अर्जदाराचे यजमान अर्धीकच्ची डाळ खातात व आपले नाव घेतात.

४. मूळ तक्रार चार बशांची आहे. मुलींनी त्या जप्तीच्या दिवशी सकाळीच तयार केल्या होत्या. एकीत न धुतलेले बोट टेकविले, दुसरीत साबणाने धुतलेले, तिसरीत कापसाच्या वावरातली माती कालवून निवळलेल्या पाण्याचा थेंब. चौथीवर 'कोरी' अशी चिठ्ठी होती. तिला कोणी हात लावायचा नव्हता, कारण काही न करता काय उगवते हे तिच्यावरून कळते. आपण तिचेच झाकण उचलले, "याच्यात तं काहीच नाही" म्हणालात, उजव्या हाताची तर्जनी मधोमध दाबून पाहिलीत आणि चारही बशा 'रिकाम्या' लिहिल्यात. अर्जदाराने जागेवरच हरकत घेतली. आपण म्हणालात, "दिसत नाही ते पंचनाम्यात लिहिता येत नाही."

५. आता दिसते. पंच श्री. पुंजाजी, जे फाटकाशी चहा विकतात, रोज काचेतून पाहून जातात. ते म्हणतात, "पंचनाम्यात रिकाम्या, अन् कपाटात भरेल. मॅडम, सील तोडलं म्हनून तुमच्यावरच येते हे." अर्जदारास हीच भीती आहे. आपल्या कार्यालयात विचारले असता, नोंद व माल जुळल्याशिवाय सूक्ष्मदर्शक परत मिळणार नाही, असे कळले. या गोष्टीचा अर्जदारास अतिशय राग आलेला आहे, हे नम्रपणे नमूद करते.

६. सील कोणी तोडलेले नाही याचा पुरावा कपाटातच आहे. चौथ्या बशीत मधोमध पिवळसर ठिपक्यांचा स्पष्ट बोटाचा आकार उगवला आहे. ते बोट अर्जदाराचे नाही, मुलींचे नाही. ते आपले आहे. मात्र कडेने काळी बुरशी सरकत असून येत्या दोन-तीन दिवसांत ती आकार झाकून टाकील.

सबब आपण तत्पूर्वी समक्ष येऊन, बशीशेजारी आपले बोट धरून खात्री करावी, नोंद दुरुस्त करावी व सूक्ष्मदर्शक समितीआधी परत द्यावा. जाताना कुकरही द्यावा. दारात पाणी व साबण ठेवला आहे. मुलींना वाटते की सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा आपण पाहावे, कारण उगवले ते आपले आहे. त्या बशीवरची 'कोरी' ही चिठ्ठी बदलणे भाग आहे. तेथे आपले नाव लिहावे की केवळ हुद्दा, याबाबत आदेश व्हावेत.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
शबाना बद्रुद्दीन मिर्झा

सोबत : १. पंच श्री. पुंजाजी यांचा अंगठा. २. मुलींनी काचेतून पाहून काढलेले चारही बशांचे चित्र. चौथ्या बशीचे मूळ मापात.