कायनेज आणि बंद खिडकी

३ फेब्रुवारी
टीबी! आयुष्यभर जुन्नरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं आणि जंतू माझ्याच फुप्फुसात. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, गोळ्या सोडू नका, बऱ्या व्हाल." राजुरीला घरी आले तर भावजयीनं, अंजनानं, माझ्या कपाला नेलपॉलिशची खूण केली आणि माझी खिडकी लावली. "वन्सं, खोकला आळीत ऐकू जातो. माझ्या वृषालीचं लग्न जमत आलंय."
अगं, टीबी कपातून नाही, कोंडलेल्या हवेतून पसरतो! खिडकी उघडली. तिनं लावली. परत उघडली.

५ फेब्रुवारी
खिडकी उघडी. भांडण चालू.

९ फेब्रुवारी
भाची वृषाली मास्क लावून दारात बसली. "आत्या, इतकी वर्षं हा जंतू होता कुठं?"
झोपलेला असणार, म्हटलं. मग राहवेना, शिकवलंच. जंतूच्या आवरणात प्रोटीन कायनेज नावाचं एक विकर रोवलेलं असतं — एक टोक बाहेर, एक आत. बाहेरच्या टोकाला जंतूंच्या पेशीभिंतीचे सुटलेले कण लागले की आतलं टोक शेजारच्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतं. तेवढ्यानं त्या प्रथिनाचं काम बदलतं. निरोप आत पोचला — ऊठ, वाढ!
"मेंदू नसताना?"
"नसताना. तरी बाहेरची बातमी आत अडवत नाही. तुझ्या आईपेक्षा बरा!"
हसली. मग हळूच, "रविवारी खोडदचे पाहुणे येणारेत. आई म्हणते, तू खोलीतच बस."
"आणि तू काय म्हणतेस?"
मास्क नीट करत उठून गेली. ते लागलं.

१४ फेब्रुवारी
सयाजी, माझा धाकटा भाऊ, वृषालीचा बाप, गावाला दमात घेणारा, माझ्यापुढे मान खाली घालून: "ताई, एवढी बैठक व्हऊ दे. खोटं बोल म्हणत न्हाई, निस्तं गप ऱ्हा."
वा! कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर विचारायच्या, "लाज वाटावी असं काय केलंस?" मी काहीही केलेलं नाही. मग लाज कसली?

१५ फेब्रुवारी
बोलले! ओसरीच्या कडेला, उघड्यावर, मास्क लावून बसले होते. मुलाच्या आईनं, गजराबाईंनी, विचारलं, "आत्याबाई तोंड बांधून का बसल्यात?"
अंजना घाईनं, "धुळीची ॲलर्जी —"
"टीबी आहे," मी म्हटलं. "औषध चालू आहे. वृषालीची तपासणी झालीय, ती ठणठणीत आहे."
चहा तसाच टाकून पाहुणे उठले. यांच्या खोडदशेजारी रेडिओ दुर्बिणीच्या, आकाश ऐकणाऱ्या तबकड्या, आणि यांना एका बाईचं खरं ऐकवेना!
अंजना रडली. "माझ्या लेकीचं वाटोळं केलंत!"
पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन.

१७ फेब्रुवारी
वृषाली माझ्याशी बोलत नाही. गोळ्या घेतल्या.

१८ फेब्रुवारी
गजराबाईंचा फोन — मला! वृषालीनंच आणून दिला. पलीकडून दबका आवाज. "आत्याबाई, मलाबी दिवाळीपासनं खोकला हाय. आता रगत पडतंय. घरात कुणाला ठाव न्हाई. तुमी बोलला, म्हणून तुमालाच इचारते — कुठं जाऊ?"
"मी येते, माझ्या डॉक्टरांकडे जाऊ," म्हटलं.
वृषाली अजून तिथंच उभी. "चल आत्या. गाडी मी काढते."