अप्पांवरचा विनोद

प्रिय अप्पा,

शनिवारी माझा विनोदाचा शो आहे, तुम्ही गेल्यानंतरचा पहिलाच. सकाळी आयोजकांचा फोन आला. तो बहिऱ्या बापाचा विनोद ठेवा हं, म्हणाले, लोक तोच मागतात. 'बघते' म्हणून फोन ठेवला आणि वही घेऊन बसले. एक ओळ सुचेना. मग म्हणलं, तुम्हालाच लिहावं.

एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर तीस वर्षं काढलीत. त्या खडखडाटानं कान गेले, आणि माझ्या नशिबी असा पहिला श्रोता आला! नवा विनोद सांगायला आले की तुम्ही कानामागं हात धरायचा. 'काय म्हणलीस?' परत सांगायची. 'काय?' तिसऱ्यांदा ओरडून घसा बसायचा, म्हणून मी शब्द गाळायची. चार ओळींचा विनोद एका ओळीवर आला की मग तुम्ही हसायचा. इतकं कमी शब्दांत लिहायला कुठं शिकलीस, असं विचारतात मला. काय सांगू?

एक विनोद मात्र तुम्हाला कधीच ऐकवला नाही. 'आमच्या घरात गुपित टिकत नाही. अप्पांच्या कानात सांगितलं की अख्ख्या शुक्रवार पेठेला कळतं, अप्पा सोडून.' हा लिहीत होते तेव्हा तुम्ही समोर चहा पीत होता. कुणावर हाय, विचारलंत. शेजाऱ्यांवर, मी म्हणाले. तोंडावर खोटं बोलले हो.

आणि तुम्ही शोला आलात! इस्त्रीचा शर्ट घालून, मागावरच्या मल्लूकाकांना घेऊन, पहिल्या रांगेत. आधी सांगायचं नाही का? तुम्हाला बघूनही मला तो विनोद गाळता आला असता. नाही गाळला, टाळ्या हव्या होत्या. सगळे हसले, तुम्हीही हसलात. मला वाटलं, बरं झालं, यांना ऐकू येत नाही. त्याची आता लाज वाटते.

तुम्ही गेल्यावर मल्लूकाका भेटायला आले. रडत रडत मी त्यांना हे सगळं सांगितलं, तर ते म्हणाले,

"मागावर कुणाला ऐकू येतंय, पोरी? आमी ओठच वाचतो की. तुज्या बापाला सगळं कळलं. मला म्हणला, मी हसलो न्हाय तर ती अडखळंल."

अप्पा, ओठ वाचता येत होते, मग मला तीन-तीनदा का सांगायला लावायचा? हे विचारायचं राहिलं. त्या शोनंतर घरी आल्यावर एका शब्दानं रागावला असता तरी चाललं असतं मला. तुम्ही नुसतं जेवलीस का म्हणून विचारलंत.

शनिवारी तो विनोद करीन. पण लोक हसले की तिथं थांबणार नाही. पहिल्या रांगेत कोण बसलं होतं, त्याला काय कळलं आणि तो का हसला, तेही सांगीन. तिथं कुणी हसणार नाही, ठाऊक आहे. सगळे गप्प झाले तर होऊ देत. घाबरून लगेच पुढच्या विनोदाकडं पळणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
गौरी